तीन पावलं मागून

कामरगावच्या स्टँडसमोर प्रसेनजित इंगळेची मोबाइलची टपरी आहे. कव्हर, काच, चार्जर, रिचार्ज, जे सगळीकडे मिळतं तेच तिथेही मिळतं. पण पळण्यासाठी इअरफोन घ्यायचा म्हटलं की या माणसाच्या अंगात मास्तर संचारायचा. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींना तो सरळ सांगायचा, पिन मोबाइलला लाव, कानात घाल आणि दुकानासमोर पन्नास उड्या मार. स्टँडवरच्या रिकाम्या मंडळींना तेवढीच करमणूक. शेजारचा चहावाला दौलतसिंग म्हणायचा, "प्रसेन, तिकीट लाव लेका. बसून पाह्यतो आमी."

प्रसेनजित हसण्यावारी न्यायचा. उड्या मारणाऱ्याच्या भोवती फिरत त्याचं चालूच असायचं. "बिनवायरचा घेऊ नोको. एक कान तुरीत पडला त तूर सोंगेपर्यंत सापडत नाही. वायरले काहून भेतं? सदऱ्याच्या आतून घे, मानेमागून काढ, कॉलरले चिमटा लाव. मंग हातात अडकत नाही. आता पाह्य, खरखर येऊन राह्यली का कानात? येते ना? मंग हा वायर जाड हाय, अंगाले घासते. ठेव खाली." घामानं रबर सरकतं का, वाकड्या पिनेचा आहे का (सरळ पिन खिशात मोडते), सगळं बघून झालं की शेवटची परीक्षा. गाणं चालू ठेवायचं, तोंड रस्त्याकडे. प्रसेनजित तीन पावलं मागे उभा राहणार आणि गिऱ्हाइकाचं नाव हळू आवाजात घेणार. गिऱ्हाईक वळलं तर इअरफोन मिळाला. नाही वळलं, तर तो इअरफोन कितीही भारी असो, परत डबीत.

लोकांना वाटायचं, हा त्याचा विक्षिप्तपणा आहे. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, तसलं हे प्रकरण होतं, पण तोंड पोळल्याचं त्यानं कोणाला कळूच दिलं नव्हतं. बावीस वर्षांचा असताना तो स्वतः याच कारंजा रस्त्यावर सोळाशे मीटर पळायचा. कानात रबरी बोंडं घट्ट बसवलेली, आवाज फुल्ल. मागून आलेल्या जीपनं तीनदा हॉर्न दिला होता, असं जीपवाला नंतर दवाखान्यात रडत सांगत होता. प्रसेनजितला त्यातला एकही ऐकू आला नव्हता. उजवा गुडघा गेला आणि गुडघ्याबरोबर भरतीही गेली. घरी त्यानं सांगितलं, खड्ड्यात पाय पडला. जीपवाल्यालाही तेच सांगायला लावलं. त्याची आई केशरबाई पंधरा वर्षं त्या खड्ड्याला शिव्या घालत होती आणि हा खाली मान घालून भाकर खात होता. स्वतःच्या मूर्खपणाची लाज फार चिवट असते.

माघातल्या एका सकाळी समीक्षा आली. गुलाबराव माळ्याची मोठी. गुलाबरावाचं नाल्याकाठी दोन एकर भाजीचं रान. मेथी, वांगी, सांबार (म्हणजे कोथिंबीर). रोज पहाटे चारला जुड्या बांधून तो ऑटोनं कारंजाच्या हर्रासाला, भाजीच्या लिलावाला, जायचा आणि साडेनऊला परतायचा. मुलीशी त्याचं बोलणं म्हणजे "जेवली?" आणि "झोप आता." पोरगी रोज सकाळी रस्त्यावर पळते एवढं त्याला माहीत होतं. त्या वेळी तो स्वतः हर्रासात उभा असल्यामुळे ती कशी पळते, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

समीक्षाचं वाशिमचं ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, चौदा दिवसांवर आलं होतं. आठशे मीटर, दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत. वयाच्या हिशेबानं ही तिची शेवटची संधी. ग्राउंडवर कान मोकळेच ठेवावे लागतात. पण तोवर हलगीचा एकसारखा ठेका कानात वाजवून तो पायांत मुरवायचा, असा तिचा बेत होता. जुना इअरफोन पिनेपाशी तुटला होता.

प्रसेनजितनं चार काढून ठेवले. तिनं चौथा उचलला, जाड रबरी बोंडांचा, कानात बुचासारखा बसणारा. पन्नास उड्या मारल्या. वायरची खरखर नाही, रबर जागचं हललं नाही. मग ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

"समीक्षा," तो मागून म्हणाला.

ती वळली नाही. त्यानं पुन्हा, जरा मोठ्यानं हाक मारली. दौलतसिंगच्या टपरीवरची दोन माणसं वळून पाहू लागली, ही मात्र दगडासारखी उभी.

त्यानं समोर जाऊन हात पुढे केला. "हा नाही. दे इकडं."

"हाच पायजे, दादा."

"यातून काईच ऐकू येत नाही."

"म्हणूनच पायजे." ती आवाज खाली आणून बोलू लागली. "तुमी कधी पोरगी होऊन त्या रस्त्यानं पळा. पोट्ट्यायच्या दोन गाड्या येतात रोज, कधी तीन. बाजूनं हळू चालवतात. काय काय बोलतात ते तुमाले सांगू शकत नाही मी. काल पुलापासून बाभळीपर्यंत संगं होते. हॉर्न वाजवतात, मी वळून पाह्यलं की हसतात. आता मी हॉर्नले वळतच नाही. पण आवाज कानात गेला की माहे पाय जड होतात. सहा सेकंद जास्त लागून राह्यले मले. सहा सेकंदात माही नोकरी जाते, दादा."

"घरी सांगितलं?"

"बाबाले सांगितलं त पळणंच बंद करतीन. त्यायचा दोष नाही. कोणता बाप पाठवीन?"

प्रसेनजितचा पुढे केलेला हात खाली आला. त्याच्या परीक्षेत गाड्यांचा आवाज होता, माणसांच्या तोंडच्या घाणीचा त्यानं कधी विचार केला नव्हता. पुरुषाला तो करावा लागत नाही. त्याला स्वतःचीच शरम वाटली आणि त्या शरमेच्या भरात त्यानं पंधरा वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला.

"एक अट," तो म्हणाला. "उजव्या अंगानं पळ. येणारी गाडी समोरून दिसली पायजे. डाव्या अंगानं पळशीन त मागचं तुले काई समजणार नाही."

"हो," ती म्हणाली, आणि चौथा इअरफोन घेऊन गेली.

दुकान बंद करेपर्यंत त्याचं लक्ष लागलं नाही. घरी केशरबाईनं विचारलं, "भाकर काहून उरवली?" त्यानं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी कारंजाकडून आलेल्या प्रत्येकाला त्यानं आडवळणानं विचारलं, रस्त्यानं काही झालं का. काही झालं नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नाही. पण काळजी अशी शहाणी असती तर मग काय. चौथ्या दिवशी पहाटे तो अंथरुणातून उठला, गाडी काढली आणि पुलापाशी जाऊन उभा राहिला. तिला न दिसता एकदा डोळ्यांनी पाहावं आणि परत यावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

उजाडत होतं. हरभऱ्यावर दव होतं, पुलाखालून धुकं वर येत होतं. रस्त्यापलीकडे, पुलाच्या कठड्याशी समीक्षा वाकून बुटाची नाडी बांधत होती. पाठ त्याच्याकडे, म्हणजे गावाकडे. मानेमागून वायर, कॉलरला चिमटा. जसं सांगितलं तसं. आणि ती उभी होती डाव्या अंगाला.

 उजवीकडून पळालं तर ती गाड्यांवरची पोरं समोरून येताना तोंडावर तोंड पडतं, म्हणून तिनं बाजू बदलली होती, हे तिनं नंतर सांगितलं. त्या क्षणी त्याला एवढंच दिसलं, की गावाकडून कापसाची पिकअप येत होती.

कापसानं भरलेली पिकअप ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगायला हवं. गाडी असते पाच फुटांची आणि कापूस असतो नऊ फुटांचा. दोन्ही अंगांनी दोन-दोन फूट गाठोडं बाहेर लोंबतं. ड्रायव्हरला आपली चाकं कुठे आहेत ते कळतं, आपला कापूस कुठे आहे ते कळत नाही. रस्ता मोकळा असला तर तो मधून नेतो. आज रस्ता मोकळा नव्हता. समोरून कारंजाची पहिली एसटी दिवे लावून येत होती, आणि पिकअपला डावी कड धरावीच लागणार होती.

"समीक्षा!"

ती उठली, मोबाइलवर बोट दाबलं आणि निघाली. कडेकडेनं, डांबरावरूनच. पिकअपवाल्यानं हॉर्न दिला. एकदा, मग लांबलचक. पोरगी बाजूला होईल असं त्याला वाटलं असणार. कोणालाही तसंच वाटलं असतं. तिच्या खांद्यात थोडी ताठरता आली, म्हणजे पुसट का होईना, हॉर्न तिला ऐकू गेला होता. पण हॉर्नला वळायचं नाही हे ती शिकून बसली होती. तिनं मान आणखी खाली घातली आणि वेग वाढवला.

प्रसेनजित पळाला. पंधरा वर्षांनी पळाला. दुसऱ्याच पावलाला गुडघ्यातून कळ थेट कमरेत गेली. रस्ता ओलांडताना त्याच्या डाव्या कानाशी पिकअपचं इंजिन गुरगुरत होतं. ती दहा पावलं पुढे होती, मग सहा. पुन्हा हाक मारायला छातीत दम नव्हता, आणि मारून उपयोगही नव्हता. त्यानं हात लांब केला. हाताला लागली ती मानेमागची वायर. त्यानं ती मुठीत धरून सगळ्या जोरानं ओढली, बोंडं कानातून उपटली, वायर तुटली, आणि ती अडखळली तसा दुसऱ्या हातानं जॅकेट धरून त्यानं तिला कडेच्या मुरुमात खेचलं.

कापूस त्यांच्या अंगावरून घासत गेला. गोणपाटाचा खरखरीत स्पर्श त्याच्या खांद्याला झाला. त्याच वेळी पलीकडून एसटी गेली.

आणि समीक्षानं वळून, कोण आहे हे न पाहता, त्याच्या कानाखाली सणसणीत लगावली.

मग तिनं पाहिलं. मग तिनं पुढे गेलेली पिकअप पाहिली, बाहेर लोंबणारी गाठोडी पाहिली, आणि ती मुरुमातच खाली बसली.  "दादा," एवढंच ती म्हणाली.

"घरी जाय," तो म्हणाला. 

आता गंमत पाहा. एसटीत पस्तीस-चाळीस माणसं होती. त्यातल्या खिडकीशी बसलेल्यांनी काय पाहिलं? एक बाप्या पोरीच्या मागे धावला, तिच्या मानेला हात घातला, जॅकेट ओढलं, पोरीनं मुस्काटात दिली. कापसाची गाडी कोणाच्या डोळ्यांत भरली नाही, कारण ती रोजचीच. एसटी स्टँडवर पोचली आणि बातमीही पोचली. उचलली जीभ, लावली टाळ्याला. प्रसेनजित गाडी लावून लंगडत टपरीवर येईपर्यंत मानेचा गळा झाला होता आणि जॅकेटचं आणखी काहीतरी झालं होतं. त्यात बाप्या बौद्धवाड्यातला, पोरगी माळ्याची. गावात अशी बातमी किती लवकर पेटते, हे सांगायला नको.

दौलतसिंग हळूच येऊन म्हणाला, "प्रसेन, शटर टाक अन जाय घरी. मी पाह्यतो."

"काहून टाकू?"

"अबे, लोकं जमून राह्यले."

जमतच होते. पंधरा, मग पंचवीस.  प्रसेनजित काउंटरमागे बसला. पळून गेलो तर खरं ठरेल, आणि बसलो तर काय सांगायचं, हे त्याला उमजत नव्हतं. खरं सांगितलं की तो सुटला. पण पोरीनं कान बुजवले का, हे सांगितल्याशिवाय खरं पुरं होत नव्हतं. आणि ते गुलाबरावाच्या कानावर गेलं की पोरीचं पळणं त्या दिवशी संपलं. ग्राउंड अकरा दिवसांवर होतं. सगळं तिथे येऊन अडकत होतं.

साडेआठला गुलाबराव आला. कोणाचा तरी फोन गेला म्हणून हर्रास अर्धा टाकून आला होता, हाताला अजून सांबाराचा वास होता. लोकांनी वाट करून दिली. तो काउंटरपाशी थांबला. मोठ्यानं बोलणारा माणूस नव्हताच तो.

"माह्या पोरीले हात लावला तू?"

"हो, काका. वायर ओढला तिचा. जॅकेट धरलं."

"काहून?"

प्रसेनजितनं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याचा डावा गाल अजून लाल होता.

"म्या काय इचारलं?"

"चूक माही हाय," प्रसेनजित म्हणाला. "तिचा काई दोष नाही."

गर्दीतून कोणीतरी "पाह्य, कबूल करते" असं म्हणालं आणि दोघं-तिघं पुढे सरकले. दौलतसिंग चहाचं भांडं तसंच उकळत सोडून मध्ये येऊन उभा राहिला. एक हात काउंटरवरच्या काचेवर आपटला. काचेखालचे इअरफोन हलले.

"बाबा."

समीक्षा सायकल टाकून आली होती. अंगावर तेच सकाळचे कपडे, पाठीला मुरूम लागलेला. तिच्या मुठीत तुटलेली वायर होती.

"मारलं मी यायले," ती म्हणाली. "यायनं मले कापसाच्या गाडीखालून ओढलं, अन मी मारलं. दोन हात राह्यला होता कापूस, बाबा. आज तुमी माहं मढं पाह्यलं असतं."

दौलतसिंगचा चहा उतू जाऊन चुलीवर चरचरला. गुलाबराव मुलीकडे बघत राहिला. मग त्यानं तिच्या हातातली वायर घेतली, जाड बोंडं बोटांत धरून पाहिली. भाजीवाला माणूस, वस्तू बोटांनी कळते त्याला.

"याच्यातून ऐकू येते काई?"

"नाही," प्रसेनजित म्हणाला.

"तुले माहीत होतं?"

"हो."

"मंग देल्लं काहून?" आता मात्र त्याचा आवाज चढला. "सगळ्या गावाच्या पोट्ट्यायले उड्या मारायले लावतं, अन माह्याच पोरीले मरायले सोडलं?"

हे खरं होतं. हा आरोप प्रसेनजितलाही कबूल होता. "काका, माहा गुडघा खड्ड्यात नाही गेला," तो म्हणाला. "जीपखाली गेला. कानात हेच बोंडं होते. तीन हॉर्न वाजले, मले एकही नाही समजला. मायले पंधरा वर्ष खोटं सांगितलं मी. मले माहीत होतं अन तरी देल्लं. याच्यापेक्षा मोठी चूक काय असते?"

"पण काहून?"

त्यानं समीक्षाकडे पाहिलं. सांगायचं की नाही, हे तिचं तिनं ठरवायचं होतं. ती गर्दीकडे वळली. मग एकेका चेहऱ्यावर नजर फिरवत तिनं बापाला सांगितलं. दोन गाड्या, कधी तीन. पुलापासून बाभळीपर्यंत. हॉर्न, आणि वळून पाहिलं की हसू. काय बोलतात ते तिनं सांगितलं नाही, पण कोणाला विचारायची गरज पडली नाही.

"कोण हायेत?" गुलाबराव म्हणाला.

"नावं नाही माहीत. नंबर पाठ हायेत." आणि तिनं तीन गाड्यांचे नंबर घडाघडा म्हणून दाखवले, पाढा म्हणावा तसे. तिसरा नंबर संपला तेव्हा गर्दीच्या मागच्या कडेला एक जण आपली गाडी चालू न करता, हातानं ढकलत बाजूच्या बोळात नेत होता. मघाशी काचेवर हात आपटणारा तोच होता. दौलतसिंगनं पाहिलं, आणखी बऱ्याच जणांनी पाहिलं. त्याचं काय झालं ते वेगळं सांगता येईल.

आता गुलाबराव काय म्हणणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. समीक्षालाही. तिनं मान खाली घातली होती, आणि तिच्या बुटाच्या नाड्या सुटल्या होत्या. प्रसेनजितच्या मनात आलं, वाचवली आणि बुडवलीही आपणच.

गुलाबरावानं तुटलेली वायर काउंटरवर ठेवली. "दुसरा काढ," तो म्हणाला. "ज्याच्यातून ऐकू येते तो."

प्रसेनजितला आधी कळलंच नाही. मग त्यानं घाईघाईनं डबी उघडली. बिनबोंडांचा, कानाच्या पाळीत नुसता टेकणारा, मागून कानावर आकडा असलेला, पातळ वायरचा. त्यानं तो समीक्षाला दिला. तिनं वायर आतून घेतली, मानेमागून काढली, कॉलरला चिमटा लावला. हलगी चालू केली. रडलेल्या डोळ्यांनी तिनं पन्नास उड्या मारल्या, आणि त्या दिवशी स्टँडवर कोणी हसलं नाही. मग ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

प्रसेनजित काउंटरबाहेर आला, पण मागे उभा राहिला नाही. "तुमी बोला, काका. तीन पावलं मागून. हळू."

"काय बोलू?"

"काईही."

गुलाबराव मुलीच्या मागे तीन पावलांवर जाऊन उभा राहिला. मुलीशी जन्मात दोन शब्दांपलीकडे न बोललेला माणूस. त्याला पंचवीस लोकांसमोर बोलायचं होतं. त्यानं घसा खाकरला. हात धोतराला पुसले.

"अकरा दिवस हर्रास राहू दे," तो अगदी हळू म्हणाला. "मी येतो मागून, सायकलनं. तू पळ."

समीक्षा वळली नाही.

 हाही गेला वाटतं, आता कोणता काढू, असं मनात येऊन प्रसेनजित काउंटरकडे निघालाही. तेवढ्यात त्याला दिसलं, की तिनं हातानं तोंड दाबून धरलं होतं आणि मानेमागची पातळ वायर थरथरत होती.

"आलं ऐकू, बाबा," ती रस्त्याकडे पाहतच म्हणाली. "आणखीन एकदा म्हणा."